देव्हाऱ्यातली कुपी

"अप्पा, आता तरी द्या ना ती कुपी!" शर्विलने आज पुन्हा विषय काढलाच. त्याची बायको केतकी आमटी वाढत होती.

शर्विल पोटात असतानाच डॉक्टरांनी त्याच्या बीजपेशींना झोपायचा संदेश दिला होता. तेव्हा सगळेच मुलग्यांचं तसं करून घ्यायचे. त्या पेशी जाग्या झाल्याशिवाय मूल होणार नाही; त्यांना जागं करणारं औषध त्याच्याच नाळेतून बनवलेलं, एकुलती एक कुपी, आणि ती वडिलांकडे. सून पसंत पडली की द्यायची!

केतकी पसंत पडायला अप्पांना सहा वर्षं लागली. आज मात्र आमटी दुसऱ्यांदा मागून घेत ते म्हणाले, "चला, हरलो बाबा!" आणि देव्हाऱ्यातून चांदीची डबी घेऊन आले. आतली कुपी हळदकुंकवाने माखली होती.

"ही फ्रीजमध्ये नव्हती?" केतकीने विचारलं.

"वंश काय कोथिंबिरीशेजारी ठेवायचा? तीस वर्षं रोज पूजा केलीय हिची!"

केतकीने अंगठ्याने कुंकू पुसलं. खाली छापलं होतं : 'कायम थंड ठेवा. एक दिवसही बाहेर राहिल्यास औषध निकामी.'

अप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. शर्विलचा पुढे केलेला हात तसाच राहिला.