तळमजल्यावरचा कवळीवाला

"आधी खालच्याला बाहेर काढा," मालकीणबाई म्हणाल्या. "मगच माझ्या सामानाला हात लावा."

कपाट उचलायला वाकलेले दोन हमाल सरळ झाले. बँकेच्या अधिकाऱ्याने कपाळ पुसलं. बाईंच्या मुलाने धंद्यासाठी घर गहाण टाकलं होतं. धंदा बुडाला, घराचा लिलाव झाला आणि मुलगा फोन उचलेनासा झाला. आज ताबा द्यायचा दिवस. बाईंना एकाच गोष्टीचं समाधान होतं. आपण जाणार, तर तो कवळीवालाही जाणार.

तो तळमजल्यावर भाड्याने राहायचा आणि खोटे दात बनवायचा. उंबऱ्यापर्यंत प्लास्टरची पांढरी धूळ, खिडकीत वाळत ठेवलेले जबड्यांचे साचे. बाईंच्या मैत्रिणी नाकाला पदर लावून त्याच्या दारावरून वर यायच्या. पाणी गेलं की बाई जिन्यातूनच ओरडायच्या, "ए कवळीवाल्या, पंप लाव!" तो मुकाट्याने लावायचा. उलटून बोलत नसे, याचाही त्यांना तिटकारा होता. मेल्याच्या पाठीला कणाच नाही, असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

त्याचं तोंड कसं पडतं ते बघायला बाई अधिकाऱ्याच्या मागोमाग खाली उतरल्या. कवळीवाल्याने हात धुतले, खणातून एक कागद काढला आणि पुढे केला. अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला.

"यांना उठवता येणार नाही."

"का? तुमचा जावई लागतो का हा?"

"करार नोंदवलेला आहे, आणि घर गहाण पडायच्या आधीचा आहे. मालक बदलला तरी मुदत संपेपर्यंत भाडेकरूला हात लावता येत नाही. कायदाच आहे तसा. यांची अजून चार वर्षं आहेत."

"आणि माझी?"

"तुम्हाला दुपारपर्यंत निघायला हवं."

बाई फिस्सकन हसल्या. "वा रे कायदा! घर बांधलं आम्ही आणि पाय पसरणार हा!"

कवळीवाल्याने कागदाची घडी घालून तो परत खणात ठेवला. करार बाईंच्या नवऱ्याने केला होता, वारण्याच्या आदल्या वर्षी. असल्या माणसाचा कागद काय वाचायचा, म्हणून बाईंनी साक्षीदाराची सही न बघताच ठोकली होती.

दुपारी सामान फाटकाबाहेर आलं. बाईंनी भावाला फोन लावला. वहिनी म्हणाली, ते झोपलेत. बहीण म्हणाली, मी नंतर करते हं, आणि तिने फोन ठेवला. समोरच्या खिडक्यांतले पडदे हलत होते. बाई ताठ मानेने ट्रंकेवर बसून राहिल्या.

वरच्या मजल्याला कुलूप लावून अधिकारी खाली आला. "एवढा फॉर्म भरून द्या. पुढची पत्रं कुठे पाठवायची, तो पत्ता लागेल."

बाईंनी पेन घेतलं आणि नुसतंच हातात धरलं.

"इथलाच लिहा," कवळीवाला दारातून म्हणाला. "तळमजला, मागची खोली. माझी खोकी आहेत तिथे, ती हलवतो."

"तुझी दया नकोय मला."

"दया कोण करतंय? तुम्ही मला कधीच आवडला नाहीत." त्याने बाहेर येऊन ट्रंकेचं एक टोक धरलं. "पण रस्त्यावर किती वेळ बसाल? उठा."

बाईंनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "भाडेकरूने घरात पाहुणा ठेवायला कायद्याची हरकत नाही."

बाई उठल्या. फॉर्म भिंतीला टेकवून त्यांनी लिहायला घेतलं. तळमजला. मागची खोली. पुढच्या ओळीत छापलं होतं, 'द्वारा श्री.'

पेन तिथेच थांबलं. सहा वर्षांत त्याचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.