करवली

गहिनीनाथाचं लग्न झालं ते एकाहत्तर साल. त्याला हळद लागली आणि त्याच्या आईनं, गोजरबाईनं, करवलीचा करा भाचीच्या हातात दिला. मांडवातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

करवली म्हणजे नवरदेवाची बहीण. आणि मनकर्णा तर चालायला लागल्यापासून आत्याची सून म्हणूनच अख्ख्या देवळाली प्रवरेत ओळखली जायची. मामाची पोरगी, पहिला हक्क तिचाच. बारशाला कानात नाव सांगताना आत्याच बोलली होती, ही माझ्या घरची.

"मने," शेजारच्या छबूबाईनं खडा टाकलाच, "नवरी व्हायची ती करवली झाली गं!"

समोर नवरी, भिंगारची रतन, पाटावर बसली होती. गोरीपान, सातवी शिकलेली. गळ्यात आत्याची ठुशी. लहानपणी मनकर्णानं ती कितीदा घालून आरशात बघितली होती. रतनच्या बारीक गळ्याला ती सैल पडत होती. आता तुटावी, मणी मांडवभर सांडावेत, बायांच्या पायांखाली जावेत, असं मनकर्णाला वाटलं.

ती करा घेऊन तशीच माजघरात गेली. आत्या आहेराची लुगडी काढत होती.

"आत्या, माझ्यात काय खोट हाय ते सांग. न्हाईतर हा करा तूच धर."

गोजरबाईनं दाराला कडी घातली. मनकर्णाचा हात धरला आणि स्वतःच्या चोळीत घातला. डाव्या अंगाला सुपारीएवढी गाठ लागली. दगडासारखी.

"माझी आई पोटाच्या गाठीनं गेली. थोरली बहीन छातीच्या. आता माझी पाळी. नगरची डॉक्टरीण म्हनली, एकेका घरान्यात हे रगतातनं येतं. गहिनीत माझं रगत. तुझ्यात तुझ्या बापाचं, म्हंजी तेबी आमचंच. तुमच्या लेकरावर दोन्हीकडनं कशाला घालू?"

मनकर्णानं हात ओढून घेतला.

"हे बायांचं दुखनं. माझ्या आबाला काय झालंय? अजून दोन गोन्या पाठीवर घेतो. गोऱ्या कातड्याला भुललीस, तसं सांग की."

गोजरबाईनं चोळीची गाठ बांधली आणि कडी काढली.

चार माणसांत शोभा नको म्हणून मनकर्णानं करा धरला. नवरदेवामागं उभी राहिली. पण त्यानंतर आत्याच्या घराची पायरी चढली नाही. आत्यानं अंथरूण धरलं, भेटायला बोलावतेय, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तिची भिंगारवाली हाय की पाय चेपायला."

गोजरबाई बहात्तरच्या पोळ्याला वारली. तिचा पाठचा भाऊ बन्सी, मनकर्णाचा बाप, त्र्याहत्तरच्या शिमग्याला गेला. त्याच्या पोटात गाठ होती.