जप्त केलेलं पुस्तक

विड्या वळताना कान रिकामेच असतात, म्हणून आम्ही चाळीस जणांनी एक वाचणारा ठेवला होता. त्याच्या वाटच्या विड्या आम्ही वळायचो आणि तो उंच स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायचा. आधी प्रेमकथा झाल्या. मग एक पातळ लाल पुस्तक आलं, कारखाना कुणाचा आणि घाम कुणाचा ते सांगणारं. ते आम्ही सात वेळा वाचायला लावलं.

रोज दारात बसणाऱ्या मुकादमानं आज मालकाच्या हुकमावरून पुस्तक जप्त केलं आणि वाचणाऱ्याला हाकललं. "आता गुमान हात चालवा!"

तेवढ्यात आमच्या अंगठाबहाद्दर मावशीनं पहिलं पान तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. तिला धाप लागली की शेजारचा पुढचं उचलायचा. अंगावर नुसता काटा! मुकादम ओरडून ओरडून दमला. बाराव्या पानावर माझी पाळी आली आणि गाडी अडली.

"ज्यांच्या हातांनी हे सगळं उभं राहिलं..." पुढचं कुणालाच आठवेना.

"...त्यांनी एकदा सगळ्यांनी मिळून हात थांबवून बघावं," दारातून आवाज आला.

मुकादमानं लगेच जीभ चावली. पण तोवर आमचे हात थांबले होते.