शून्याचं रीडिंग

पडद्यावर दोन शिखरं होती. त्यांच्यात बरोबर तीनशे नॅनोसेकंदांचं अंतर होतं. पहिलं शिखर प्रकाश निघाल्याचं. दुसरं, बेचाळीस मीटरच्या कॉरिडॉरच्या टोकाला आरशावर आपटून तो परतल्याचं.

आरशापाशी प्रयोगशाळेचे मेकॅनिक उभे होते. गेली पंधरा वर्षं ते तिथे आणि शिकवणाऱ्या बाई इथे, यंत्रापाशी. "अहो, जरा डावीकडे!" असं बाई ओरडल्या की दर वर्षीची नवी मुलं एकमेकांना कोपर मारून हसत. मेकॅनिक आज निवृत्त होत होते. उद्या सकाळी बहिणीच्या गावी निघणार होते, घड्याळदुरुस्तीचं दुकान काढायला.

एका मुलीने वहीत जाण्या-येण्याच्या चौऱ्याऐंशी मीटरला त्या वेळाने भागलं आणि नाक मुरडलं. "बाई, सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार किलोमीटरच येतंय. तीन लाख हवं ना?"

"प्रकाश दमला असेल बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं. "सकाळपासून येरझाऱ्या घालतोय."

तेवढ्यात टोकाकडून आवाज आला, "बाई, शून्याचं रीडिंग राहिलं आपलं!"

बाईंचा हात बटणावरच थांबला. असं कधी झालं नव्हतं. आधी शून्याचं रीडिंग, मग बाकीचं. त्यासाठी मेकॅनिक आरसा घेऊन अगदी त्यांच्या शेजारी उभे राहायचे. सात वर्षांपूर्वी असेच उभे असताना त्यांनी हलक्या आवाजात विचारलं होतं, "पुढचं आयुष्य एकत्र काढायचं का?" त्यांची पत्नी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, बाई तर एकट्याच होत्या. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आधी रीडिंग होऊ द्या."

रीडिंग झालं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाईंच्या आईचं आजारपण निघालं, मग परीक्षा, मग लोक काय म्हणतील. कारणं शोधायला बसलं की कमी पडत नाहीत. तरी दर वर्षी तो आरसा शेजारी आला की बाईंना वाटायचं, आज विचारतील. आज मात्र ते थेट टोकाला गेले होते, आणि बाईंनीही त्यांना थांबवलं नव्हतं.

"शून्याचं रीडिंग म्हणजे?" मुलीने विचारलं.

"आरसा इथे, अगदी जवळ धरायचा. प्रकाशाला कापायला वाटच उरत नाही. तरी पडद्यावर वीस नॅनोसेकंद दिसतात. तारांचा, यंत्राचा स्वतःचा उशीर. तो तीनशेतून वजा करायचा."

"म्हणजे तेवढा उशीर अंतरामुळे नाहीच?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तो आपल्याकडचा."

आणि त्यांनी कॉरिडॉरच्या टोकाकडे पाहिलं.

"येऊ का आरसा घेऊन?" मेकॅनिकनी तिकडून ओरडून विचारलं.

बाई उठल्या. बेचाळीस मीटरवर कुजबुज पोचत नाही, ओरडावंच लागतं. वीस मुलं वह्या उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आरसा राहू द्या! सात वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलं होतंत ना, त्याला माझं हो आहे!"