हमीचे प्रवासी

मुलांना घरी पाठवून, शाळेला कुलूप लावून धोत्रेबाई पुन्हा महामार्गाच्या बसमध्ये बसल्या. रस्ता बांधणाऱ्या कंपनीला सरकारने रोज चाळीस हजार प्रवाशांची हमी दिली होती. तेवढे भरले नाहीत, की शिक्षकांना दिवसभर उगाच फेऱ्या माराव्या लागत. रस्त्यातली यंत्रं हृदयाच्या ठोक्यांवरून प्रवासी मोजत.

नाक्यावर बस थांबली. कंपनीचा पर्यवेक्षक हसत खिडकीशी आला.

"अभिनंदन, बाई. तुमच्या सीटवर दोन हृदयं लागली."

बाईंनी हे अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"आता बाळंत होईपर्यंत तुमचीच ड्युटी लावतो. एका जागेत दोघं मोजली जातात."

बाईंना मळमळून आलं. त्यांनी तोंड वळवलं नाही. त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावरच त्या ओकल्या.