सहायकाची जागा

"पोरगी वर्गात आली न्हाई म्हनून विद्यापीठाचा मानूस फडात येतो, हे पयल्यांदाच बघते," लंकाबाई म्हणाली आणि तिनं अंगदला बसायला पोतं अंथरलं.

देवळाली प्रवराच्या बाहेर, माळावर ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यातल्या एकीत लंकाबाईचा नवरा कानिफनाथ कमरेला पट्टा बांधून पडून होता. दिवाळीनंतर गाडी भरताना तो मोळीसकट फळीवरून घसरला आणि तेव्हापासून त्याला वाकताच येत नव्हतं. त्याच्या जागी मुलगी उभी राहिली होती. निकिता.

निकिता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. विद्यार्थी कल्याण विभागात पदव्युत्तर सहायक म्हणून तिची निवड झाली होती. नव्या मुलांना वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची वाट दाखवायची, कोणी वर्गात दिसेनासं झालं तर त्याला शोधून परत आणायचं, असं ते काम. त्याच्या बदल्यात फी माफ, राहायला खोली आणि मेसचं जेवण. अंगद तेच काम करत आलेला.

"उद्या सकाळी ती रुजू झाली नाही तर विभागाच्या मॅडम दुसऱ्या कुणाला तरी घेतील," तो म्हणाला.

पाचटानं ओरखडलेले हात ओढणीत लपवत निकिता समोर उभी होती. "सर, मी येणार नाही म्हणून कळवलं होतं."

"कळलं. म्हणूनच आलो."

"चहा ठिव सरांना," लंकाबाईनं तिला पलीकडच्या चुलीकडे पिटाळलं. मग आवाज खाली आणला. "तिला काय धाडावं वाटत न्हाई व्हय मला? पन कोयता म्हंजे जोडी. मी तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या. एकल्या बाईला मुकादम ठिवत न्हाई. आर्ध्यात हंगाम सोडला तर फुडच्या साली आमाला कोन बोलवनार?"

"जोडीला माणूस मिळाला तर?"

"भर हंगामात कुठला मानूस मिळतोय?"

"एक आहे माझ्या ओळखीचा. आपल्या शेवगावकडचाच."

लंकाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "ऊस तोडलाय का त्यानं?"

"लहानपणी. आईबापाबरोबर."

"कुठं आस्त्यात त्याचं आईबाप?"

"आता नाहीत."

"पितो का?"

"नाही."

"शिकलेला न्हाई ना? शिकलेली टिकत न्हाईत फडात."

"थोडा शिकलाय. पण टिकेल, मावशी. दुसरं काही उरलेलं नाही त्याला."

कोपीतून कानिफनाथ बोलला, "जाऊ दे की तिला. माझी पाठ मोडली, तिची नको."

लंकाबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिच्या मनात आणखी काहीतरी घोळत होतं. "त्या खुर्चीवर आदी कोन हुतं?"

"होता एकजण. त्याची मुदत संपली."

"मंग त्याला पक्की नोकरी लागली आसंल."

"मुलाखती खूप दिल्या त्यानं," अंगद म्हणाला. "लागतोय आता कामाला."

"म्हंजे निकिताचीबी मुदत संपनार."

"संपणार."

"मंग?"

अंगदनं रस्त्याकडे बघितलं. उसानं भरलेला ट्रॅक्टर हेलकावे खात चालला होता. "पुढचं पुढं, मावशी. आत्ता तिला इथनं काढा."

लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. उठली, कोपीत गेली आणि निकिताची पिशवी भरायला लागली.

मुकादम सहादेवला हे पटणारं नव्हतंच. तो बांधावरनं तरातरा आला. "मानूस यील तवा यील. दिवस मावळायच्या आत ह्यो तुकडा रिकामा झाला पायजे. फॅक्टरीची गाडी थांबत न्हाई."

"त्याच्या आत येईल," अंगद म्हणाला. "माझी जबाबदारी."

निकितानं कपडे बदलले. बापाच्या पाया पडली. आईनं तिच्या हाताला खोबरेल चोळलं आणि पोरगी निघाली तशी पाठ फिरवून फडात शिरली.

फाट्यावर दोघं बसची वाट बघत उभे होते.

"सर, मला जमेल का ते काम?"

"जमेल."

"पोरं विचारतील, शिकून काय होणार? त्यांना काय सांगायचं?"

लांब वळणावर बस दिसली तेव्हा तो म्हणाला, "आधी चहा पाजायचा. मग त्यांचं ऐकून घ्यायचं."

"आणि मग?"

"तेवढ्यात बरीचशी पोरं राहतात."

बस थांबली. निकिता चढली आणि तिनं शेजारची जागा ओढणी टाकून धरली. "या ना सर."

"मी त्या माणसाचं बघतो. तू हो पुढं."

धुरळा बसेपर्यंत तो तिथंच उभा होता. मग आल्या वाटेनं परत निघाला.

फडाच्या कडेला सहादेव कमरेवर हात ठेवून उभा होता. लंकाबाई एकटीच सपासप ऊस पाडत होती. मोळ्या बांधायला कोणी नसल्यानं तिच्यामागं नुसता पसारा पडला होता. अंगदला एकट्याला येताना बघून तिचा हात थांबला.

"काय वो साहेब," सहादेव म्हणाला, "मानूस यनार हुता न्हवं?"

"पोरगी नेली आन् आमाला फशिवलं का काय तुमी?" लंकाबाईचा आवाज चिरकला. "कुठाय त्यो?"

अंगदनं बूट काढून बांधावर ठेवले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि अनवाणी पाचटात उतरला.

"आलाय की, मावशी," तो म्हणाला. "आना कोयता. मी तोडतो, तुमी बांदा."