शालीखालच्या बाह्या

"झग्याचे पट्टे उभे आणि बाह्यांचे आडवे, हे कुठं सापडलं तुम्हाला?" वेशभूषेचा पुरस्कार देताना पाहुण्यांनी विचारलं.

"संग्रहालयातल्या इंग्रज मडमेच्या चित्रात," शर्मिष्ठाताईंनी माईक ओढून घेतला. "पेशवाईच्या अखेरचं चित्र. महिनाभर बसले होते त्याच्यासमोर."

बसले होते मी, त्यांची मदतनीस. ताई तिकडे एकदाही फिरकल्या नाहीत. नाटकातल्या मडमेसाठी तो छातीखालीच कंबर असलेला झगा मी पट्ट्यापट्ट्यानं उतरवून घेतला. बाह्या तेवढ्या चित्रात दिसत नाहीत, खांद्यांवरून शाल आहे. त्या काळचे इतर झगे पाहून मी बाह्यांचे पट्टेही उभेच ठरवले होते. पण ताईंनी कापड कमी आणलं. उरलेल्या तुकड्यातून बाह्या निघाल्या त्या आडव्या पट्ट्यांच्या. "कोण बघतंय?" ताई तेव्हा म्हणाल्या होत्या.

सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच कामाला जायचं होतं.

परवा पुन्हा संग्रहालयात गेले, तर चित्राखाली नवी पाटी: 'शालीखाली बाह्यांचे पट्टे आडवे होते.' त्याखाली संशोधक म्हणून ताईंचं नाव. फॅशन कॉलेजच्या दोन मुली पाटी वाचून वहीत आडव्या पट्ट्यांच्या बाह्या काढत होत्या.

"मुलींनो, पट्टे उभे काढा," मला राहवलं नाही. "कापड कमी पडलं म्हणून मीच तशा कापल्या होत्या."

एकीनं पाटीवर बोट ठेवलं. "काकू, नीट वाचा ना. इथं लिहिलंय."